नक्कल

सांग्याच्या कोर्टात पंखा चालतो तो न्यायाधीशांच्या डोक्यावर.
रेकॉर्डच्या खोलीत ज्याने त्याने फायलीने वारा घ्यायचा.
नंबर? वेळीपबाई विचारतात.
नंबर नाही.
वर्ष?
यंदाचंच. मार्च. उग्यांचा तिठा, रात्री पावणेअकरा,
कलम एकशे पंच्याऐंशी आणि पुढची दोन,
ट्रकवाला सुदिन तारी.
मी वडिलांचंही नाव सांगते. ते त्या लिहीत नाहीत.
मयताच्या नावाने इथे काही सापडत नाही, बाय,
आरोपीच्या नावाने सापडतं.

संगणक तारीत एक 'ए' मागतो, मग दोन मागतो,
मग वीज जाते.
बाबा एकतीस वर्षं वीज खात्यात होते, खांबावर.
वीज गेली की आई अजून घड्याळाकडे बघते.

मडगावचा वकील म्हणाला होता,
तारी आधी कधी पिऊन सापडला असेल तर शोध,
आपली बाजू भरेल.
आणि विमा कंपनी विचारतेय,
दुचाकी बंद का होती?
दिवा बंद, चावी मयताच्या खिशात, टाकी अर्धी भरलेली.
चालती गाडी हाताने ढकलत
माणूस रात्रीचा रस्त्याने का जात होता?
माहीत नाही, मी म्हटलं.
खरंच नव्हतं.
चढावरून धापा टाकत आणायचे ते एम-एटी,
आम्ही दारातून ओरडायचो, संपलं, बाबांचं पेट्रोल संपलं,
आणि ते म्हणायचे, होय गे, संपलं,
तोंडाला हुर्राकाचा वास.

जुनी रजिस्टरं लोखंडी कपाटात.
दाराला वेळीपबाई एक लाथ घालतात, सवयीची, नेमकी.
दारू, दारू, बिनलायसन, दारू.
शिमग्याच्या दिवसांत ओळी समासात चढलेल्या,
श्रावणात दोनच.
बोट खाली सरकतं तसा अर्धा गाव भेटतो,
गणिताचे मास्तर,
देवळात पखवाज धरणारा,
एक तर कोर्टातलाच शिपाई, आत्ता बाहेर बाकावर बसलेला.
तारी कुठेच नाही.

मग एका एप्रिलमध्ये, सत्तावीस वर्षं मागे,
गांवकर, बाबुसो सोयरू. मदतनीस, वीज खाते.
गुन्हा कबूल. दंड भरला.
जामीनदार बॉस्त्यांव फुर्ताद, धंदा तावेर्न.
ज्याने ओतली तोच सोडवायला आलेला.
शेरा लाल शाईत, अक्षर घाईचं:
'समज दिली. प्यायल्यावर पुन्हा गाडी चालवणार नाही असे म्हणतो.'

प्यायचे थांबले नाहीत.
आईने देव ठेवले, शपथा घातल्या, एकदा माहेरीही गेली,
थांबले नाहीत.
फक्त तावेर्नातून निघताना चावी काढून खिशात टाकायचे
आणि तीन किलोमीटर ती धूड ढकलत आणायचे,
कुणा अनोळखी माणसाने
लाल शाईत लिहून घेतलं होतं म्हणून.
आम्हाला सांगितलं असतं तर
आम्ही हसलो नसतो का? हसलोच असतो.

ह्याची नक्कल हवी? वेळीपबाई
माझ्याकडे न बघता विचारतात.
विमा कंपनीच्या प्रश्नाचं उत्तर ह्या पानावर आहे,
आणि तिला हवं असलेलं हत्यारही ह्याच पानावर.
वकिलाला फोन करावा. रेंज नाही.

अर्जात रकाना आहे, नक्कल कशासाठी पाहिजे.
मी लिहिते, घरी ठेवायला.
असलं कारण चालत नाही, त्या म्हणतात, वैयक्तिक लिही.
खोडून वैयक्तिक लिहिते.
तिकिटाच्या मागचा डिंक कधीचा वाळलेला.
वेळीपबाई जेवणाचा डबा उघडतात,
उकड्या भाताचं एक शीत बोटावर घेऊन पुढे करतात,
दाब, म्हणतात, जरा वेळ धरून ठेव.